जेवायच्या हाताचा रस्ता

धोंडू, तू गेल्याला आज बारा दिवस झाले आणि शाळेच्या सुट्टीतल्या या बारा दिवसांत मला रोज दुपारी झोप लागली. पूर्वी लागत नव्हती. हे गावात बोललो तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून तुलाच सांगतो. जिवाभावाचा मित्र गेला आणि हा मास्तर ढाराढूर झोपतो, असं म्हणतील, आणि त्यांचं चुकणारही नाही. रडलो नाही असं नाही. तुला नेलं त्या दिवशी पाताळगंगेच्या काठावर मी असा रडलो की तुझ्या मेव्हण्याला मला धरून बसवावं लागलं. पण रडून झाल्यावर डोक्यावरचा भारा बांधावर टेकवावा तशी मान हलकी झाली. त्याची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

कशाचा भारा, ते तुला ठाऊक आहे. तो मी एकटाच वाहतोय, असं मात्र मला परवापर्यंत वाटत होतं.

तू जन्माचा डावखुरा. तुझ्या आईला ते पसंत नव्हतं. डाव्या हातानं जेवणारं पोर लग्नाच्या पंगतीत बसवायचं कसं, ही तिची काळजी. म्हणून तू पाच वर्षांचा होईपर्यंत ताट पुढे आलं की ती तुझा डावा हात फडक्यानं पाठीशी बांधून टाकायची. जेवायला तू उजव्या हातानं शिकलास. बाकीचं सगळं, दगड मारण्यापासून बैल बांधण्यापर्यंत, डाव्यानंच. शाळेत तू माझ्या उजवीकडे बसायचास आणि पाटीवर लिहिताना तुझं कोपर माझ्या कोपरावर आदळायचं. पंतोजींची पाठ फिरली की लेखण डाव्या हातात, तोंड फिरलं की उजव्या. एकदा मी चुगली केली आणि तुला छड्या बसल्या. संध्याकाळी तू मला ओढ्यात बुचकळून काढलंस. फिट्टंफाट झाली.

जर्मनची लढाई सुरू झाली आणि भरतीवाले कर्जतेला आले तेव्हा मी मास्तरकीच्या परीक्षेची घोकंपट्टी करत होतो. तू खेचरांच्या गाडीवर नाव घालून आलास. जाऊ नको म्हणालो तर म्हणालास, बैल हाकतो तसं खेचर हाकायचं, त्याला काय इंग्रजी लागतं? चार वर्षं गेलास. पत्रं यायची ती दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात, आणि सगळ्यांत एकच मजकूर, की खुशाल आहे. तुझ्या आईला ती मीच वाचून दाखवायचो. मजकूर एवढा थोडा असायचा की मी पदरचं घालायचो. तू तिकडे रोज दूध पितोस, असं मी तिला कितीदा तरी वाचून दाखवलं आहे. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

परत आलास तेव्हा गाव तुझ्याभोवती गोळा झालं. कुणाला तोफांचं ऐकायचं होतं, कुणाला मडमांचं. तू रस्त्यांचं सांगत बसलास. फ्रान्सात म्हणे रस्त्याला बाजू असते. जाणाऱ्यानं उजव्या अंगानं जायचं, येणाऱ्यानं त्याच्या उजव्या अंगानं यायचं, मधे कुणी यायचं नाही. लोकांना वाटलं तू थापा मारतोयस. त्यांचंही बरोबर होतं. आपल्याकडे बैलगाडी मधोमध चालते. समोरून दुसरी आली की ज्याचे बैल गरीब तो बाजूला होतो, आणि कुठल्या बाजूला ते बैल ठरवतात. इंग्रजानं इथे डावीकडचा नियम केलाय, हे खालापुरात तेव्हा फक्त कचेरीच्या लोकांना माहीत असेल. तू पंचवीस वर्षांचा होईतो रस्त्याची कुठलीच बाजू शिकला नव्हतास. पहिली शिकलास ती परमुलखात, आणि ती उजवी.

नंतर तू मुंबईला कुणा शेटकडे मोटार शिकलास. एकदा शेट लोणावळ्याला मुक्कामाला राहिले आणि तू रिकामी मोटार घेऊन थेट शाळेसमोर येऊन उभा राहिलास. मी मुलांना लवकर सोडलं. तपासणीचे साहेब आले असते तर माझी नोकरी गेली असती, पण मला मोटारीत बसायचं होतं. आपण चौक गावच्या रस्त्याला लागलो. पेंढ्याच्या पाच-सहा गाड्या समोरून आल्या, त्यांना तू उजवीकडून वळसा घातलास आणि मग तिथेच राहिलास. मला काही कळलं नाही. मी टोपी हातात धरून वारा खात होतो. वळणावर पनवेलकडची एक मोटार आली, ती आपल्याच अंगावर. तुम्हा दोघांनाही वाटलं, चुकतोय तो समोरचाच. शेवटच्या घटकेला त्यानं चाक फिरवलं आणि तो कापलेल्या भातखाचरात उतरला. ढेकळं उडाली. कुणाला खरचटलंदेखील नाही.

तो डायव्हर खाचरातून वर आला, तुझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "कुठल्या मुलखातला रं तू?"

तू गंभीर तोंड करून म्हणालास, "फरान्सचा."

तो बिचारा मारायला आला होता, ते ऐकून गोंधळला. त्याची मोटार आपण तिघांनी ढकलून वर काढली. मी हसत होतो. तू हसत नव्हतास. तो गेल्यावर तू बांधावर बसलास.

तेव्हा तू मला ते सांगितलंस. तिकडच्या हवालदारानं पहिल्या दिवशी तुम्हा सगळ्यांना रांगेत उभं केलं. कुणाला उजवं-डावं सांगितलं की अर्धे चुकायचे, म्हणून त्यानं एकच सांगितलं, की जेवायच्या हाताला राहा. सगळ्यांना सोपं गेलं. तुला त्यासाठी आधी आईचं ताट आठवावं लागायचं, फडकं आठवावं लागायचं, मग हात कळायचा आणि मग खेचरं वळायची. पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की घाबरलास की तू आपोआप जेवायच्या हाताला जायला लागलास. आणि इथे घाबरून तिकडे गेलं की समोर माणूस. "बापू, हे सखूला सांगू नको," म्हणालास. सखूवहिनी तेव्हा नुकत्या तुझ्या घरात आल्या होत्या. मी नाही सांगितलं.

यानंतर दोन वर्षांनी कर्जत स्टेशनापासून चौकावरून खालापूर-खोपोलीपर्यंत उतारूंची सर्व्हिस मोटार सुरू झाली. मालकाला डायव्हर हवा होता, पण हा माणूस सांभाळून चालवतो असा गावातल्या प्रतिष्ठिताचा दाखला पाहिजे होता. खालापुरात प्रतिष्ठित म्हणजे मामलेदार, आणि मामलेदार भेटणार नसले तर मास्तर. तू कागद घेऊन माझ्या ओटीवर आलास. गयावया केली नाहीस. कागद माझ्यापुढे सरकवलास आणि म्हणालास, "तुला वाटलं तरच कर."

मला वाटत नव्हतं, धोंडू. मला खाचर दिसत होतं. त्या वेळी खाचर कापलेलं होतं. पुढच्या वेळी तिथे विहीर असली तर, बाजाराला निघालेली बाई असली तर? आणि तरी मी सही केली. लोकांना वाटलं मैत्रीखातर केली. तू काय समजलास कोण जाणे. खरं कारण आज सांगतो. सही केली नसती तर तू मुंबईला परत गेला असतास. चार वर्षं तुझ्यावाचून काढली होती, आणखी काढायची माझी तयारी नव्हती. तालुक्याचा जीव मी माझ्या एकटेपणापायी पणाला लावला. एवढ्या थोर कारणासाठी मी कधीच काही केलेलं नाही.

मग अकरा वर्षं. सकाळी दहाच्या सुमाराला तुझी मोटार शाळेवरून जायची आणि दुपारी तीनला परत यायची. वडाच्या वळणावर तू भोंगा वाजवायचास. दहा वाजत आले की मुलं पाढे म्हणत असायची आणि मी हात वर करून त्यांना थांबवायचो. मुलांना वाटायचं, मास्तरांना भोंग्याची हौस आहे. भोंगा वाजला की मी हात खाली करायचो आणि पाढे पुढे सुरू. तीनला उशीर झाला तर मी शाळेच्या पायरीवर जाऊन उभा राहायचो. सुट्टीच्या दिवशीही दुपारी डोळा लागायचा नाही. एकदा चाक पंक्चर होऊन तुला दीड तास लागला. त्या दीड तासात मी मनातल्या मनात कोर्टात उभा राहिलो, शिक्षा भोगली, मेलेल्यांच्या घरी जाऊन पाया पडलो. तू आलास तो कलिंगड घेऊन. "काय रं, तोंड का असं?" म्हणालास. मी म्हणालो, पोट दुखतंय. कलिंगड तू एकट्यानं खाल्लंस.

आता शांताचं बोलतो. ते बोलल्याशिवाय हा कागद पुरा व्हायचा नाही.

माझी शांता कर्जतेला दिली. येता-जाता तुझी मोटार दारावरून. सगळा गाव मोटारीनं जायचा आणि मास्तरांची लेक मात्र पहाटे उठून बैलगाडीनं, हाडं खिळखिळी करत. मी सगळ्यांना सांगितलं की तिला मोटारीत मळमळतं. आमच्या घरातून विचारणा झाली की जी कधी मोटारीत बसलीच नाही तिला मळमळतं हे कळलं कसं? तीन वर्षं असं चाललं. दसऱ्याला सोनं द्यायला तू आलास, पान मला दिलंस आणि ओटीवरून उतरता उतरता, आवाज न चढवता म्हणालास, "साऱ्या तालुक्याला माज्या मोटारीत बसवलंस बापू. पोरीला मातर बैलगाडीत."

तू बरोबर बोललास आणि म्हणून मला तुझा राग आला. दसऱ्यापासून आपण बोललो नाही. भोंगा मात्र तू वाजवत राहिलास, रोज, वडाच्या वळणावर, आणि मी हात वर करत राहिलो.

माघात शांता माहेरी आली होती, दहा महिन्यांची पोर घेऊन. एका सकाळी पोरीला ताप चढला आणि आकडी आली. तिनं डोळे पांढरे केले. वैद्यबुवा म्हणाले, कर्जतेच्या डॉक्टरकडे न्या, आत्ताच्या आत्ता. बैलगाडीनं दुपार झाली असती. मी रस्त्यावर धावलो, मागून पोरीला पदरात घेऊन शांता, तेव्हा तू समोरून खोपोलीला जाणारी माणसं घेऊन येत होतास. मी हात केला. तू माझ्याकडे पाहिलंस, शांताच्या पदराकडे पाहिलंस आणि मागे वळून उतारूंना एवढंच म्हणालास की उतरा. एक माणूस कुरकुरला नाही. एक म्हातारी कोंबड्या घेऊन उतरली आणि जाताना पोरीच्या अंगावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडून गेली.

मी तुझ्याशेजारी बसलो. सांगायला लाज वाटते, पण खालापूर ते कर्जत मी सारखा तुझ्या कानाशी डावीकडे, डावीकडे असं पुटपुटत होतो. नात मागे शांताच्या मांडीवर निळी पडतेय आणि आजोबा डायव्हरला रस्ता शिकवतोय. तू एका शब्दानं मला गप्प बस म्हणाला नाहीस. गाडी डाव्या अंगाला अशी चालली होती की जणू कुणी दोरी धरून नेतंय.

पोर वाचली. डॉक्टरनं तिला ओल्या फडक्यात गुंडाळून औषध दिलं आणि तासाभरात ती रडायला लागली. इतकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही. आपण दोघं बाहेर पायरीवर बसलो. तू चहा मागवलास, बशीत ओतलास आणि चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोललास.

"बापू, फरान्सचा रस्ता आयशीनं शिकवलेल्या हाताला व्हता. त्याला मला दर खेपेला इचार करावा लागायचा. हितला रस्ता माज्या सोताच्या हाताला हाय. हितं इचार करावा लागत नाय. तू आता नको करू."

केवढं सोपं होतं ते. इंग्रजाच्या नियमानं नेमका तुझा जन्माचा हात धरला होता, आणि मी सात-आठ वर्षं एका खाचरासाठी जीव जाळत बसलो होतो. मी मोठ्यानं हसलो. तू पण हसलास. तुझी माफी मागायची ती तिथेच मागायची होती, पण तेवढ्यात शांताचे सासरे आले, आणि ते राहून गेलं. पुढे राहूनच गेलं. शांता तेव्हापासून मोटारीनं यायला लागली आणि तू तिच्याकडून भाडं घ्यायचा नाहीस. त्यावर आपण भांडलो आणि माफी आणखी मागे पडली. आता मागतो. चुकलो रे. पोरीला बैलगाडीत बसवायला नको होतं, किंवा मग सही करायला नको होती. दोन्ही एकदम करणारा माणूस भित्रा असतो.

तू सांगितल्यावर माझी भीती निम्मी झाली. सगळी गेली म्हणालो तर खोटं होईल. हात वर जायचा तो जातच राहिला.

शेवटच्या नऊ दिवसांत तुझा ताप उतरलाच नाही. मोटार दुसरा डायव्हर चालवत होता. शाळा सुटली की मी तुझ्याकडे येऊन बसायचो. तू बरेचदा खेचरांशी बोलायचास, नावं घेऊन. सातव्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला तू एकदम शुद्धीवर आलास, माझं मनगट धरलंस डाव्या हातानं आणि विचारलंस, "कुनाला लागलं नाय ना रं?"

मला आधी वाटलं तू तापात बरळतोयस. पण तुझी नजर स्वच्छ होती.

मी म्हणालो, "नाही रे. कुणालाच नाही."

"नक्की?"

"अकरा वर्षांत एकालाही नाही. कोंबडीलाही नाही."

तू मान हलवलीस, कूस बदललीस आणि झोपलास. त्यानंतर माझ्याशी बोलला नाहीस. दोन दिवसांनी गेलास, घरी, आपल्या अंथरुणात, वहिनींचा हात कपाळावर असताना. अकरा वर्षांत मी तुझं मरण शंभर तऱ्हांनी पाहिलं होतं. त्यांतली एकही तऱ्हा खरी झाली नाही.

तुझा तो प्रश्न मात्र मला सोडेना. जो माणूस विचार करत नव्हता, त्याला हे विचारावंसं का वाटलं? परवा सांजचा मी तुझ्या घरी गेलो. वहिनी पुढल्या पायरीवर बसल्या होत्या. मी खाली अंगणात टेकलो. त्या म्हणाल्या, "भावजी, एक इचारू? ह्ये रोज सांजचं घरी आलं की आत यायचं नाय. हितं पायरीवर बसायचं आन म्हनायचं, 'आज बी कुनाला लागलं नाय.' मंग पानी मागायचं. एक दिस चुकला नाय. मी इचारलं तर म्हनायचं, काय नाय गं, सवय हाय. तुमाला काय ठावं हाय का?"

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. तू मना केलं होतंस, पण मना करणारा तू आता नाहीस. खाचर सांगितलं, हवालदार सांगितला, दाखला सांगितला, वर्गात वर जाणारा हात सांगितला. कर्जतेच्या पायरीवर तू मला जे सांगितलंस ते माझा जीव शांत व्हावा म्हणून सांगितलंस, हे त्यांना सांगता सांगता मला कळलं. माझी भीती तू उतरवून घेतलीस आणि तुझी तुझ्याकडेच ठेवलीस. वहिनी ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे तुमी दोगं बी भ्यायचा. आन दोगं बी एकमेकाला सांगायचा नाय."

मी म्हणालो, हो.

"आन भ्याला म्हनूनशान कुनाला लागलं नाय," त्या म्हणाल्या.

धोंडू, हे मला अकरा वर्षांत सुचलं नाही, तुलाही सुचलं नसेल. मी उठलो आणि तुझ्या पायरीवर, तू बसायचास तिथे बसलो. रस्त्यावर कुणी नव्हतं. मी मोठ्यानं म्हणालो, "कुणाला लागलं नाही." वहिनी आत गेल्या आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मी सगळा प्यालो.